माघातला पूर

बैल काही फळीवर पाय ठेवीनात.

जयगडच्या खाडीवर दोन होड्या एकमेकींना बांधून त्यांच्यावर फळ्या टाकलेल्या होत्या. गाडी होडीवाल्यांनी ढकलून कधीच वर चढवली होती. राहिली होती बैलजोडी. नाथाजी हवालदारांनी मिशीवरून हात फिरवला, छाती पुढं काढली आणि परेडच्या मैदानावरचा ठेवणीतला आवाज बाहेर काढला.

"पाखऱ्या! मोऱ्या! आगे बढ!"

या आवाजावर पलटणीतल्या जवानांचा डावा पाय एकदम उचलला जायचा. पाखऱ्यानं शेपूट उचललं आणि तिथंच शेण टाकलं. मोऱ्यानं तर तोंडच फिरवलं. होडीवाले गालातल्या गालात हसायला लागले, आणि हवालदारांचे कान लाल झाले.

चंद्राबाई काठावरच्या दगडावर बसून हे सगळं पाहत होत्या. त्या उठल्या, पदर कमरेला खोचला, दोन्ही बैलांच्या गळ्याखालून हात फिरवला आणि काही न बोलता फळीवरून चालू लागल्या. मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही, नुसता जिभेनं टक् टक् असा आवाज केला. बैल दावणीकडं निघाल्यासारखे गुमान त्यांच्यामागं होडीत जाऊन उभे राहिले.

"जनावर आवाज वळखतं," नाथाजी होडीवाल्यांना म्हणाले. "जरा येळ लागतो, पर वळखतं." आवाज कुणाचा, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

होडी खाडीच्या मध्यावर आली तेव्हा वल्हवणाऱ्या म्हाताऱ्यानं चंद्राबाईंना विचारलं, "कुठून येनं झालं, आक्का?"

"आष्ट्याकडनं," नाथाजींनी उत्तर दिलं. "सातारा जिल्हा. कराडावरनं कुंभार्ली घाट उतरून आलोय. हिला समुद्र दावायचा हाय."

"बैल लय जपलेलं दिसतात."

"खिलार हाय. घरचीच पैदास आमच्या."

चंद्राबाईंनी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. एकाच साली दोन गाई व्याल्या आणि दोन्ही लाळ्या-खुरकुतात गेल्या. ही वासरं त्यांनी दुधात बुडवलेलं फडकं चोखायला देऊन जगवली होती. रात्र रात्र मांडीवर त्यांची तोंडं घेऊन बसल्या होत्या. पण कुणी त्यांना विचारलंच नाही, आणि विचारलं तरी उत्तर भलतीकडूनच आलं. त्या पाण्याकडं बघत राहिल्या.

नाथाजी पहिल्या लढाईत भरती झाले तेव्हा मिसरूड फुटत होतं. बसऱ्याला गेले, तिथून परत आले, मग सरहद्दीवर, मग क्वेट्याला. मधून मधून सुट्टीवर यायचे, ट्रंकेतून मनुके आणि साबणाच्या वड्या आणायचे, गावभर हिंडायचे आणि पुन्हा जायचे. पेन्शन मिळायची वेळ आली तर दुसरी लढाई लागली आणि सरकारनं त्यांना रंगरूट शिकवायला पुन्हा ठेवून घेतलं. लढाई संपल्यावर हवालदार एकदाचे घरी आले. गावानं वाजतगाजत वेशीतून आणलं. चंद्राबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि त्या दिवशी त्यांच्याइतकी सुखी बाई आष्ट्याच्या पंचक्रोशीत नव्हती, हे खोटं नाही.

पण दुसऱ्या दिवसापासून घराला कारभारी मिळाला. कुठलं रान कधी नांगरायचं, कुठल्या बैलाला काय घालायचं, हे हवालदार ठरवू लागले. मुलगा लालासाहेब बापाच्या हाताखाली कामाला लागला, आणि चंद्राबाईंना सगळे म्हणू लागले, "लय केलं तुमी, आता बसा." त्या बसल्या. रोज संध्याकाळी चावडीवर माणसं जमायची आणि नाथाजी बसऱ्याच्या खजुराच्या, बर्फाच्या, आगबोटीच्या गोष्टी सांगायचे. सांगायची हातोटी तर अशी, की केरबासारखा टवाळ माणूससुद्धा विडी विझली तरी ओढत राहायचा. तेच घरी आले की जेवताना पुन्हा चालायचं. चंद्राबाईंना त्या गोष्टी पाठ झाल्या होत्या. बसऱ्याच्या बाजारात खजूर किती जातीचे मिळतात हे त्यांनी झोपेतसुद्धा सांगितलं असतं.

एक गोष्ट मात्र नाथाजींनी कधी केली नाही. "मी नव्हतो तेव्हा तू इथं काय केलंस?" असं त्यांनी कधी विचारलं नाही. चंद्राबाईंना तेवढंच हवं होतं. शाबासकी नको, सोन्याची पुतळी नको. एकदा विचारावं, आणि पुरतं ऐकून घ्यावं. न विचारता सांगायला गेलं की ते गाऱ्हाणं होतं, आणि गाऱ्हाणं सांगणारी बाई त्या नव्हत्या. असं करता करता जन्म सरत आला होता, आणि हे तसंच पोटात घेऊन जावं लागणार, याची त्यांना आताशा भीती वाटू लागली होती.

गाडीनं समुद्रकाठ हिंडायचा बेत नाथाजींचाच. पहिल्यांदा आगबोटीवर चढले तेव्हाच त्यांनी मनाशी ठरवलं होतं की एक दिवस हे आपल्या बायकोला दाखवायचं. उसाची तोड उरकली, तशी त्यांनी गाडीला बांबूच्या चट्यांचं छप्पर घातलं, वर ताडपत्री ओढली, आत कडबा, पिठाची पेटी, पाण्याची घागर, कंदील, सगळं जागच्या जागी बांधलं. केरबानं चावडीवरून हाळी दिली, "हवालदार, म्हातारपनी नवरानवरीची वरात काढली व्हय?" गाव खो खो हसलं. नाथाजींनी ते मनाला लावून घेतलं नाही. पहाटे ते, पलटणीला रांगेत उभं करावं तसे, "फालीन!" म्हणून ओरडायचे आणि चंद्राबाई चुलीवरची भाकरी उलटत म्हणायच्या, "झाली की फालीन, गिळा आता." मनात येईल तिथं सोडायचं, मनात येईल तेव्हा जुंपायचं. असं हिंडणं दोघांच्याही नशिबी कधी आलं नव्हतं, आणि चंद्राबाईंना ते मनापासून आवडलं होतं. गुहागरच्या माडांमागून समुद्र पहिल्यांदा दिसला तेव्हा त्या नुसतं "आगं आई, केवढं हे!" एवढंच म्हणाल्या. नाथाजी असे ताठ उभे राहिले, जणू तो त्यांनीच खणून घेतला होता.

खाडी ओलांडून दुसऱ्या दिवशी सकाळी ते एका वाडीच्या खाली आले. पाणी लांब आत गेलं होतं आणि ओली, पाटीसारखी सपाट वाळू उघडी पडली होती. नाथाजींनी गाडी सरळ वाळूत घातली.

"बघ, आपल्या कृष्णेचं वाळवंटच हाय. हितंच सोडू."

चंद्राबाईंनाही ते पटलं. उन्हाळ्याच्या तोंडाला कृष्णेच्या वाळूत गाड्या सोडायच्या, तिथंच रांधायचं, पाणी जवळ, वारा मोकळा, हे त्यांनी लहानपणापासून केलेलं. नाथाजींनी गाडीचं तोंड मुद्दाम समुद्राकडं केलं. बसल्या जागी तिला दिसत राहावा, एवढाच हेतू. बैल सोडून मागच्या बाजूला, गाडीच्या सावलीत बांधले.

वाडीतला एक माणूस जाळं खांद्यावर टाकून चालला होता. तो थांबला.

"गाडी वर घ्या, पाव्हनं. पुनवंची भरती हाय, लय वर येते."

"कसली भरती?" चंद्राबाईंनी विचारलं.

"पानी येईल ना."

"पाऊस न्हाई, पान्याचं नाव न्हाई, आनि माघात कुठला पूर येतोय?" नाथाजी हसले. "दादा, आमी हा समुद्र वलांडून बसऱ्याला जाऊन आलोय. आमाला नगा सांगू."

त्या माणसानं एकदा गाडीकडं पाहिलं, एकदा पाण्याकडं पाहिलं, आणि "बरं" म्हणून तो निघून गेला. खरं सांगायचं तर नाथाजी समुद्र ओलांडून आले होते ते आगबोटीच्या पोटात बसून. मुंबईच्या गोदीत चढले, बसऱ्याला उतरले. किनारा म्हणजे काय हे त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. नदीकाठच्या माणसाला पाणी वरून खाली येतं एवढंच ठाऊक असतं. ते खालून वर चढतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं, आणि चंद्राबाईंच्याही नव्हतं.

झुणका-भाकरी झाली. वाऱ्यानं दोघांनाही गुंगी आली. गाडीखाली वाकळ टाकून नाथाजी घोरू लागले आणि चंद्राबाई त्यांच्या पायाशी कलंडल्या.

त्यांना जाग आली ती दाव्याच्या हिसक्यानं. बैल उभे राहून दावी ओढत होते. मोऱ्या फुरफुरत होता. चंद्राबाईंनी हात टेकला तर तो पाण्यात. चुलीचे दगड पाण्याखाली गेले होते आणि परात डुलत डुलत किनाऱ्याकडं निघाली होती.

"आवं! उठा! पानी आलं!"

नाथाजी उठले ते गाडीच्या कण्यावर डोकं आपटूनच. बाहेर आले आणि क्षणभर खुळ्यासारखे बघत राहिले. सकाळी जिथं वाळू होती तिथं पाणी होतं, आणि एकामागून एक लाटा गाडीकडं चालत येत होत्या. मग हवालदार जागा झाला. त्यांनी बैल सोडले, ओढत पुढं नेले, जू मानेवर टाकलं आणि चाबूक वाजवला. गाडीचं तोंड समुद्राकडं. वळवायची म्हणजे आधी बैलांना पाण्यात घालायला हवं. बैल पाण्यात जाईनात. चाबूक बसला तसे ते आडवे फिरले, गाडीला मुरका बसला आणि डावं चाक ओल्या वाळूत कण्यापर्यंत रुतलं.

"चल! चल रं! आगे!" आवाज चिरकायला लागला होता. लाट गुडघ्यावर आली. पाखऱ्याचा पाय घसरला, तो जुवाखाली बसायला लागला आणि त्याचं नाकाड पाण्याला टेकलं.

चंद्राबाईंनी ते पाहिलं आणि पुढचा मागचा विचार केला नाही. "सोडा त्यो चाबूक!" त्या ओरडल्या. "गाडी वळवू नगा. मागनं वढायची!"

जन्मात त्यांनी नवऱ्याला असं तोडून म्हटलं नव्हतं. पण त्या आवाजाला त्या वेळी नवरा दिसत नव्हता, नुसती गाडी दिसत होती, बैल दिसत होते. त्यांनी जुपण्या सोडल्या, जू गाडीच्या पुढच्या दांडीवरून मोकळं केलं, बैलांना वेसणीला धरून मागं आणलं, घाटासाठी घेतलेला जाड नाडा कण्याला बांधून त्याला जू अडकवलं. आता बैलांची तोंडं जमिनीकडं होती. जमीन दिसल्यावर त्यांची फुरफुर थांबली.

"पुढची दांडी खांद्यावर घ्या! न्हाईतर गाडी तोंड खुपसंल!"

"जी!" नाथाजींच्या तोंडातून निघून गेलं. तीस वर्षांची सवय, हुकूम कानावर पडला की जीभ आपोआप वळायची.

ते कमरेइतक्या पाण्यात शिरले आणि दांडी खांद्यावर घेतली. चंद्राबाईंनी वाकळ काढून रुतलेल्या चाकाच्या मागं कोंबली, घोंगडं कोंबलं. ते पुरेना. नाथाजींनी एका हातानं दांडी सावरत दुसऱ्या हातानं अंगातला लष्करी कोट काढला आणि त्यांच्याकडं फेकला. चावडीवर जाताना घालायचा तो कोट, ज्याची बटणं ते रोज फडक्यानं पुसत. चंद्राबाई थबकल्या.

"बघतीस काय? घाल चाकाखाली!"

त्यांनी घातला. मग त्या बैलांच्या मध्ये उभ्या राहिल्या, एक हात एकाच्या, एक हात दुसऱ्याच्या खांद्यावर. टक् टक्. "चला रं लेकरांनो. चला माझ्या सोन्या." बैलांच्या पाठी ताणल्या. नाडा करकरला. मागून लाट आली, नाथाजींच्या तोंडावरून गेली, ते खोकले, पण दांडी सोडली नाही. चाक हललं, वाकळीवर आलं, घोंगड्यावर आलं, आणि गाडी मागच्या मागं, आचके देत, पाण्याबाहेर निघाली. तोवर वाडीतली माणसं दोर घेऊन धावत आली होती. शेवटचा चढ त्यांनी हात लावून काढला.

त्यांनी या दोघांना वर अंगणात नेलं, कोरडी धडुती दिली, भाताची पेज दिली. सकाळचा जाळेवाला माणूस एका शब्दानं टोचून बोलला नाही. तो फक्त चंद्राबाईंना म्हणाला, "आक्का, आमी जल्मभर पान्याच्या काठाला, पर गाडी अशी मागून वढायची आमाला नसती सुचली. हे शिकलात कुठं?"

"पुरात," चंद्राबाई म्हणाल्या.

नाथाजींच्या हातातला पेजेचा वाडगा तोंडाजवळच थांबला.

त्यानंतर चार दिवस हवालदार बोलले नाहीत. पहाटेची फालीन झाली नाही. वाटेत कुणी "कुठले पाव्हनं?" म्हणून विचारलं तर ते बैलांकडं बघत राहायचे, मग चंद्राबाईच सांगायच्या. गाडी आता त्याच हाकत होत्या. नाथाजींनी कासरा मागितला नाही आणि त्यांनीही दिला नाही. चंद्राबाईंचा जीव खालीवर होत होता. गाडी वाचली, बैल वाचले, पण माणूस खचला की काय? आपण त्यांच्यावर ओरडलो, ते लागलं असणार. एवढ्या मानाचा माणूस. रत्नागिरीच्या अलीकडं न राहवून त्या म्हणाल्या, "आवं, गावात ह्यातलं काय बी कळायचं न्हाई. मी कुनाला सांगनार न्हाई. लालाला सुदिक न्हाई."

नाथाजींनी मान हलवली. व्हय म्हणाले की न्हाई, ते कळलं नाही.

आंबा घाटाच्या पायथ्याशी त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. खाली उतरले, वाटेतला एक धोंडा उचलून हातात घेतला. घाट चढताना बैल थांबले की चाकामागं धोंडा ठेवावा लागतो. ते काम घरातल्या गड्याचं असतं. नाथाजी चाकाच्या बाजूनं चालू लागले. पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणावर ते म्हणाले, "कंचा पूर त्यो?"

"आं?"

"तू म्हनलीस पुरात शिकले. कंचा पूर?"

चंद्राबाईंच्या हातातला कासरा ढिला पडला. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते असं घाटात, धापा टाकत, चाकाच्या बाजूनं आलं होतं. त्यांनी आधी बैलांना उगाच दटावलं.

"तुमी क्वेट्याला हुता त्या सालचा," त्या म्हणाल्या. "नदीकाठच्या मळीतला ऊस भरून गाडी वाळूत हुती आनि वरनं पानी सुटलं. मामंजी म्हातारं. गडी पळून गेला. मग आमी सासू-सुनांनी मागनं वढली. तुमच्या आईनं दांडी धरली हुती."

"आईनं?"

"तर. लय खंबीर म्हातारी."

नाथाजी हसले. चार दिवसांत पहिल्यांदा. "आनि?" ते म्हणाले.

तो "आनि" ते घाटभर म्हणत राहिले. चंद्राबाई सांगत राहिल्या. भावकीनं बांध कोरला तेव्हा त्या खुरपं घेऊन बांधावर जाऊन बसल्या आणि तिथंच जेवल्या, तिथंच झोपल्या, शेवटी भावकीनंच बांध परत घातला. गुऱ्हाळाला गुळव्या आला नाही तेव्हा कढईजवळ स्वतः उभ्या राहिल्या आणि पहिला गूळ काळा ठिक्कर पडला. बेचाळीसच्या गडबडीत भूमिगत पोरं त्यांच्या उसात लपली होती आणि त्या रोज पाटीत शेणाखाली भाकरी घालून न्यायच्या.

"आगं, मी सरकारचं मीठ खात हुतो की!" नाथाजी मध्येच थांबले.

"तुमी खात हुता. पोरं उपाशी हुती."

हवालदारांनी चाकामागं धोंडा ठेवला आणि पोट धरून हसले. मग हसता हसता त्यांचा चेहरा उतरला. खाली कोकण धुरकटलं होतं. बैलांच्या तोंडाला फेस आला होता, त्यांना दम खाऊ द्यायला हवा होता.

"आनि साळू?" त्यांनी विचारलं.

साळू त्यांची मुलगी. तिसरं वर्ष लागलं होतं तेव्हा गेली. नाथाजींना सरहद्दीवर कार्ड मिळालं होतं, तेही उशिरा. पुढच्या सुट्टीला ते आले तेव्हा त्यांनी तिचं नाव काढलं नाही, चंद्राबाईंनीही काढलं नाही. तेव्हापासून त्या घरात ते नाव कुणी घेतलं नव्हतं.

चंद्राबाई गाडीवरून उतरल्या. कासरा हातातच होता.

"ताप आला," त्या म्हणाल्या. "आष्ट्याच्या डाक्टरकडं न्ह्याला मी एकलीच निगाले. गाडीत तिला मांडीवर घेऊन. ती सारखी म्हनायची, बैलं म्याच हाकनार. मग तिच्या मुठीत कासरा दिला. येशीच्या पलीकडं गेलो तवा मूठ सुटली." त्यांनी हातातला कासरा मुठीला गुंडाळला. "मी गाडी वळवली न्हाई. डाक्टरपातुर नेली. वाटलं, कुनास ठावं."

नाथाजी रस्त्याच्या कठड्यावर बसले. 

"मला इचारायचं हुतं," ते अखेर म्हणाले. "दर सुट्टीला इचारायचं हुतं. पर इचारलं असतं तर माझ्यानं परत जाववलं नसतं. आनि न जाऊन खायचं काय? म्हनून मीच बोलत ऱ्हायलो. बसरा आनि खजूर. तू इचारशील म्हनून भ्यायचो, आनि तू सांगशील म्हनूनबी."

चंद्राबाईंना राग यायला हवा होता. तो आला नाही. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की या माणसाला आपल्या जन्माची किंमत नाही, आणि तो बिचारा ती किंमत कळेल याच भीतीनं जगभरच्या गप्पा मारत बसला होता. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि त्यांच्या शेजारी कठड्यावर बसल्या. बैलांनी पुरेपूर दम खाल्ला. मग नाथाजींनी धोंडा काढला, आणि गाडी वर चढू लागली.

मलकापूर गेलं, शिराळा गेलं. इस्लामपूरच्या पुढं ओळखीचे ऊस लागले, ओळखीची माणसं भेटू लागली. गावची वेस दिसली तेव्हा चंद्राबाईंनी आपणहून कासरा पुढं केला. बायकोनं गाडी हाकत नवऱ्याला वेशीतून आणावं, हे काही बरं दिसणार नव्हतं.

"घ्या आता."

"असू दे," नाथाजी म्हणाले.

चावडीवर संध्याकाळची माणसं जमली होती. केरबानं लांबूनच पाहिलं आणि त्याला आयतंच कोलीत मिळालं. "आरं बघा, बघा! हवालदारीनबाईंची सवारी आली! आनि आमचं हवालदार मागं पान खात बसल्यात!"

हशा पिकला. चंद्राबाईंनी पदर पुढं ओढला आणि बैल हाकायला जीभ वळवली. पण नाथाजी म्हणाले, "थांब." ते खाली उतरले. अंगात कोट नव्हता, नुसती पैरण होती. चावडीपुढच्या पारावर त्यांची नेहमीची जागा लोकांनी मोकळी करून दिली आणि सगळे सरसावून बसले. आता गोष्ट मिळणार.

"सांगा हवालदार," म्हातारे हरिबा म्हणाले. "समुद्र कसा काय हाय?"

"मला काय ठावं?" नाथाजी म्हणाले. "मी झोपलो हुतो."

लोक हसले. त्यांना वाटलं, गोष्टीची सुरुवात आहे. नाथाजी हसले नाहीत.

"खरंच झोपलो हुतो. माघात पूर येत न्हाई म्हनून गाडी समुद्रातच सोडली. जानत्या मानसानं सांगितलं, गाडी वर घ्या. आयकलं न्हाई. म्हनलं, आमी बसरा बघितलाय. पानी आलं. मला गाडी काढता आली न्हाई, बैल बुडत हुतं. हिनं काढली." त्यांनी एकदा सगळ्यांकडं पाहिलं. "आनि आमी पलटनीत हुतो तवा हितं बी हिनंच काढलीया. सगळं घर काढलंय. आजपातुर कुनी इचारलं न्हाई. मीबी इचारलं न्हाई."

 केरबाच्या विडीचा जाळ बोटापर्यंत आला तेव्हा त्यानं ती झटकली.

"समुद्र कसा हाय ते तिला इचारा," नाथाजी म्हणाले, आणि आपल्या जागेवर न बसता खाली, पाराच्या पायरीवर, बाकीच्या माणसांच्यात मांडी घालून बसले.

गावच्या चावडीवर बाईनं उभं राहून बोलावं असा रिवाज नव्हता. हरिबांनी घसा खाकरला. इकडं तिकडं पाहिलं. मग फेटा सारखा केला आणि म्हणाले, "सांगा, वैनी."

चंद्राबाई गाडीवरून उतरल्या. त्यांनी पाखऱ्याच्या खांद्याला धरलं. समोर अर्धं गाव तोंडं वर करून बसलं होतं, आणि त्यांच्यात त्यांचा नवरा, मिशी खाली करून, शिकायला आलेल्या रंगरूटासारखा.   त्यांनी पदर थोडा मागं सारला.

"आधी बैलं उठली," त्या म्हणाल्या.